बिनवऱ्हाडाची लग्नं

राजमंजुषा लॉन्सच्या डायरीत त्या मे महिन्यात एकोणीस लग्नं लिहिलेली होती, आणि त्यांतल्या अकरा लग्नांना नवरी नव्हती. नवरदेवही नव्हता. मानपान नव्हता, रुसवेफुगवे नव्हते, ऐन वेळी सापडेनासं झालेलं मंगळसूत्र नव्हतं. नाव होतं, तारीख होती, पावती होती. आणि त्या दिवशी लॉनवर पाइपानं पाणी मारणारा फकिरा सोडला तर तिथं चिटपाखरू नसायचं.

सुलेखा हिवराळे तिथली मॅनेजर. चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सहा वर्षं काढल्यावर तिला ही नोकरी मिळाली होती. दोन वर्षांपूर्वी असलं कार्य पहिल्यांदा तिच्या वाट्याला आलं तेव्हा ती भाबडीच होती. डायरीत साखरपुडा होता, अडीचशे माणसांचा. तिनं सकाळी सातला येऊन खुर्च्या पुसून घेतल्या, गेटपाशी रांगोळी काढली, पाण्याचे जार मांडले. बारा वाजले, एक वाजला. शेवटी तिनं पावतीवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडं नानासाहेब काळवणे होते, सावळडोहचे बिल्डर.

“अहो बाई, साखरपुडा कुणाचा करायचा?” नानासाहेब खदखदून हसले. “माझं पोरगं तिसरीत हाय. तुम्ही पावती नीट फाईलला लावा म्हंजे झालं.”

सुलेखानं खुर्च्या पुन्हा एकावर एक रचल्या. रांगोळी तेवढी राहिली. ती संध्याकाळी कुत्र्यांनी तुडवली.

हळूहळू सगळं उलगडत गेलं. लॉनच्या मालकीण मंजुषा शेजूळ. मंजुषाबाईंचे यजमान विश्वजीत शेजूळ हे सावळडोह नगरपंचायतीचे मुख्याधिकारी. सावळडोह म्हणजे चिकलठाण्यापासून वीस मिनिटांवरचं, काल-परवापर्यंत ज्वारीचं गाव. आता तिथं कणसं कमी आणि प्लॉट पाडल्याचे पांढरे दगड जास्त. ले-आउट मंजूर करायचा असो की बांधकामाची परवानगी घ्यायची असो, कागद शेजूळसाहेबांच्याच टेबलावर जाणार. साहेब पाच पैसे घेत नसत. टेबलावर पाकीट ठेवणाऱ्या एकाला त्यांनी सगळ्या स्टाफसमोर हाकलून दिलं होतं, आणि ती गोष्ट ते दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात न चुकता सांगायचे. फक्त फाईल चाळून झाली की चष्मा पुसत विचारायचे, “घरात काही कार्य-बिर्य आहे का यंदा?”

ज्याला कळायचं त्याच्या घरात कार्य निघायचं. ज्याला कळायचं नाही त्याच्या फाईलमध्ये त्रुटी निघायची.

“बायकोचा धंदा वेगळा, माझी नोकरी वेगळी,” असं साहेब कुणीही न विचारता सांगायचे. “आमच्या घरात दोन स्वतंत्र माणसं राहतात.” हे ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं बोलायचे की सुलेखाला पहिल्या वेळी हसू आलं, दुसऱ्या वेळी राग आला, आणि त्यानंतर नुसती शिसारी. दोन स्वतंत्र माणसं एकाच ताटात जेवत होती, एवढंच.

मंजुषाबाईंची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांना खरोखरच वाटायचं की हा धंदा आपण आपल्या हिमतीवर चालवतो. मार्चमध्ये कुठल्याशा महिला मंडळानं त्यांना उद्योगिनी म्हणून पुरस्कार दिला. औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मंजुषाबाई माईकसमोर म्हणाल्या, “शून्यातून उभं केलंय मी हे. जाहिरातीवर एक रुपया घातला नाही. आपण क्वालिटी दिली की गिऱ्हाईक आपोआप येतं.” पुढच्या रांगेतल्या तीन बिल्डरांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. सुलेखा मागं भिंतीला टेकून बाईंची शाल, नारळ आणि पर्स सांभाळत उभी होती. नारळ कुणाच्या टाळक्यात घालावा, एवढाच प्रश्न तिला पडला होता.

मग ती नोकरी का सोडत नव्हती? तिचा नवरा सुयश तिला हेच विचारायचा, आणि विचारून झाल्यावर स्वतःच विषय बदलायचा. कारण दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. सावळडोहलाच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, सहाशे चौरस फुटांच्या गुंठेवारीच्या प्लॉटवर. तो नियमित करून घ्यायची फाईल अडीच वर्षांपासून नगरपंचायतीत पडून होती. मॅडमनी एक शब्द टाकला तर सही होईल, या आशेनंच सुलेखानं ही नोकरी धरली होती. सहा महिन्यांनी तिनं धीर करून विषय काढला तेव्हा मंजुषाबाई दुखावल्यासारख्या झाल्या.

“साहेबांच्या कामात मी ढवळाढवळ करत नाही, सुलेखा. आमच्या तत्त्वात ते बसत नाही.”

त्या दिवाळीला बाईंनी तिला साडी दिली. सुलेखानं ती नेसली. थुंकावंसं तर वाटत होतं, पण तोंडात घास त्यांचाच होता. शेजूळ नवराबायकोबद्दल तिच्या मनात जी घृणा होती तिचा एक वाटा ती रोज आरशापुढं उभी राहून स्वतःसाठी काढून ठेवायची.

धोंडिबा त्रिभुवन जानेवारीत आला होता. वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याची मापं करणारा मापाडी. एसटीनं येऊन, पुढं रिक्षानं, कडक इस्त्रीचा सदरा घालून तो ऑफिसच्या दारात उभा राहिला. टेबलावरचा बाबासाहेबांचा लहानसा फोटो दिसला आणि त्याचा चेहरा सैलावला.

“जयभीम, ताई. पोरीचं लगीन करायचंय. मेघा नाव हाय. इथंच दवाखान्यात नर्स हाय.”

“जयभीम, मामा. तारीख कोणती?”

“चौदा मे. त्याच्या अगुदर नाय, मागून नाय. जावई मिलिटरीत हाय, चिकलठान्याचाच. शिवम. रजा लई थोडी हाय त्याची.”

सुलेखानं त्याचं नाव डायरीत स्वतःच्या हातानं लिहिलं, ॲडव्हान्स घेतला, पावती दिली. धोंडिबानं ती दोनदा वाचली, घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. असं खरं गिऱ्हाईक आलं की सुलेखाला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

एप्रिलच्या शेवटी मंजुषाबाई लॉनवर आल्या. बसल्याही नाहीत.

“चौदा तारीख कुणाची आहे?”

“वैजापूरच्या धोंडिबा त्रिभुवनांची. मुलीचं लग्न.”

“ती काढ. तिथं नानासाहेब काळवण्यांच्या पुतणीचं लग्न लिही.”

“नानासाहेबांना पुतणी आहे, मॅडम?”

मंजुषाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. दोन वर्षांत या बाईनं असला प्रश्न कधी विचारला नव्हता.

“त्यांचा बावीस एकरांचा ले-आउट आहे. पंधराला मंजुरी निघतेय. चौदाची तिथी दाट आहे, जिल्हाभर लग्नं आहेत त्या दिवशी. कुणाला शंका येत नाही. बाकीच्या चांगल्या तिथी लागल्यात सगळ्या.”

“पण त्रिभुवनांनी जानेवारीत बुकिंग केलंय.”

“मग पैसे परत दे. नाहीतर पुढचा सोमवार दे त्यांना. त्यांच्यात कुठं मुहूर्त-बिहूर्त बघतात? कधीही उरकता येतं त्यांचं.”

उरकता येतं. समोर कोण बसलंय हे मंजुषाबाईंना ठाऊक होतं. बाबासाहेबांचा फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर होता. पण ते ध्यानात ठेवावं इतकी सुलेखा त्यांच्या लेखी मोठी नव्हती. जे लग्न लागायचंच नव्हतं त्याला मुहूर्त हवा होता, आणि जे लागणार होतं त्यानं मुहूर्त नाही म्हणून बाजूला सरकायचं होतं.

“सांगते त्यांना,” सुलेखा म्हणाली.

सांगितलं नाही. धोंडिबाच्या नावाखाली तिनं त्याच तारखेला काळवण्यांचं नाव लिहिलं, सांगितल्याप्रमाणं त्यांची पावतीही फाडली. तिचा हिशेब साधा होता. काळवण्यांच्या लग्नाला काळवणे येणार नव्हते, आणि अशा कागदावरच्या, कोरड्या लग्नाच्या दिवशी मंजुषाबाई लॉनकडं फिरकत नसत. मग वैजापूरकरांनी तिथं आपली पोरगी उजवली तर कुणाचं काय जातंय? तिनं फक्त फकिराला विश्वासात घेतलं.

“फकिरा, चौदाला खरं लग्न हाय.”

“खरं?” फकिरानं पाइप खाली ठेवला. “मंग झाडून घ्यावं लागंल.”

चौदा मेला नऊ वाजताच ऊन डोक्यावर बसलं होतं. वैजापूरहून दोन टेम्पो आणि एक जीप आली, पाठोपाठ चिकलठाण्यातलं शिवमचं वऱ्हाड. धोंडिबाची बायको मुक्ताबाई उतरली तीच बोलत. तिनं स्वयंपाक्याला चूल कुठं मांडायची ते सांगितलं, फकिराच्या हातातून सतरंजी घेऊन स्वतः अंथरली, आणि सुलेखाच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. स्टेजवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली, पांढऱ्या शेवंतीचे हार चढवले, मेणबत्त्या लावल्या. मेघा पांढऱ्या साडीत खोलीत बसली होती. गेटवर मेघा आणि शिवमच्या नावाचा फलक लागला. साडेबाराला लग्न होतं.

अकराला सुलेखाचा फोन वाजला. मंजुषाबाईंना धाप लागली होती.

“सुलेखा, घात झाला! लॉनवर लग्नं होतच नाहीत अशी कुणीतरी वर तक्रार केलीय. कलेक्टर ऑफिसातून चौकशीला एक बाई निघाल्यात, आजचं काळवण्यांचं लग्न बघायला. तासाभरात पोचतील. खुर्च्या मांड, स्पीकर लाव, धुण्याभांड्याच्या बायका बोलावून त्यांना साड्या नेसव, कुणालातरी नटव! आम्ही निघालोय!”

सुलेखानं तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला.

तक्रार कुणी केली ते पुढंही कळलं नाही. बावीस एकरांवर डोळा असलेला दुसरा कुणी बिल्डरच असणार. सावळडोहमध्ये न्यायाची भूक एवढी कडकडून दुसऱ्या कुणाला लागत नसे.

शेजूळांची गाडी पाऊण तासात गेटमधून आत आली. मागं नानासाहेबांची पांढरी जीप. नानासाहेबांच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फेटा होता, वाटेत औरंगपुऱ्यातून घेतलेला. विश्वजीत शेजूळ खाली उतरले आणि जागीच थबकले. तीनशे माणसं. लहान पोरं खुर्च्यांमधून पळतायत, बायका एकमेकींच्या साड्या बघतायत, मसालेभाताचा वास सुटलाय. साहेबांचा चेहरा उजळला.

“वा, सुलेखा! तासाभरात एवढी माणसं कुठून आणलीस?”

“वैजापूरहून.”

“मानलं तुला. आणि त्या खोलीच्या दारात नवरी कोण उभी केलीस? अगदी खरी वाटतेय.”

“खरीच हाय, साहेब.”

साहेबांनी स्टेजकडं पाहिलं. मग गेटबाहेर जाऊन फलक वाचला. मग पुन्हा स्टेजकडं पाहिलं. मंजुषाबाईंना आधी उमगलं.

“तुला मी हे काढायला सांगितलं होतं ना?”

“व्हय. सांगितलं होतं.”

“मग?”

“थांब मंजू, ओरडू नकोस,” साहेब म्हणाले. त्यांचा मेंदू आता फाईलवर चालायचा तसा चालायला लागला होता. “हे बरंच झालं की. नानासाहेब, फेटा बांधा. ही तुमची पुतणी.”

नानासाहेब स्टेजकडं बघून कसनुसे झाले. आवाज खाली घेऊन म्हणाले, “साहेब, ते जयभीमवाले हैत. मी काळवणे. माझी पुतणी कशी व्हईल ती?”

“मानलेली पुतणी म्हणा. समतेचे दिवस आहेत, नानासाहेब.”

सुलेखानं या माणसाच्या तोंडून दोन वर्षांत नाना शब्द ऐकले होते: तत्त्व, पारदर्शकता, सेवा. समता तेवढी आज पहिल्यांदा ऐकली, आणि तीही बावीस एकरांच्या पायी.

साहेबांनी धोंडिबाला गाठलं, खांद्यावर हात टाकून कडेला नेलं. सुलेखा मागोमाग गेली. “मामा, तुम्हाला भाडं माफ. सगळं. ॲडव्हान्ससुद्धा परत. फक्त आत्ता एक बाई येतील, त्यांना म्हणायचं की लग्न नानासाहेबांनी लावून दिलं. तुमचे भाऊच ते, असं समजा.”

धोंडिबानं हात जोडले होते. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांपुढं चाळीस वर्षं जोडून जोडून ते हात आपोआप जुळायचे. त्यानं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा सुलेखाकडं. “साहेब म्हनतेत तर…” एवढं तो बोलला आणि अडखळला. सुलेखा काही बोलणार तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली.

चौकशीला आलेल्या संस्कृती कोलते तिशीच्या आतबाहेरच्या असतील. सुती कुडता, खांद्याला कापडी पिशवी. रिक्षावाल्याला पैसे देऊन त्या सरळ आत आल्या. कुणी बडा साहेब गाडीतून उतरेल म्हणून शेजूळ रस्त्याकडं बघत राहिले आणि बाई त्यांच्या शेजारून निघून गेल्या. ओळखपाळख झाली तेव्हा साहेबांनी घाईघाईनं नानासाहेबांना पुढं केलं. “हे मुलीचे काका. कार्य यांच्याच घरचं.”

“लग्न लागू द्या आधी,” कोलतेबाई म्हणाल्या. “मुलीच्या कार्यात खोळंबा नको. मग बोलू.” आणि त्या बायकांच्यात जाऊन बसल्या.

आता नानासाहेबांना काका होऊन पुढच्या सोफ्यावर बसणं भाग होतं. डोक्यावर भगवा फेटा, कपाळाला टिळा, घाम गळ्यापर्यंत. सगळे उभे राहिले, ते उभे राहिले. त्रिशरण सुरू झालं. तीनशे तोंडांतून एकच सूर निघत होता, आणि नानासाहेबांचे ओठ त्यात आंधळ्यासारखे चाचपडत होते. मेघा आणि शिवमनं हार हातात धरले. मंगलगाथा सुरू झाली. पहिला चरण संपला तोच नानासाहेबांच्या आतली जुनी सवय उसळली आणि त्यांनी खणखणीत आवाजात ठोकून दिलं, “सावधाऽऽन!” खिशातून मूठभर अक्षता काढून फेकल्यासुद्धा. बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट आली. बौद्धाचार्य क्षणभर थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि पुढं चालू लागले. फुलांच्या पाकळ्या उडाल्या. लग्न लागलं.

मंजुषाबाई एका खांबाआड उभ्या होत्या. साहेब फोनवर कुणाला तरी हळू आवाजात विनवत होते.

कोलतेबाई पुढं आल्या. धोंडिबा आणि मुक्ताबाईही तिथंच होते.

“नानासाहेब, अभिनंदन. पुतणीचं नाव काय?”

“आमची… ताई. घरात ताईच म्हणतो आम्ही.”

“कागदोपत्री?”

नानासाहेबांनी मान लांब करून गेटवरचा फलक वाचायचा प्रयत्न केला. फलकाचं तोंड रस्त्याकडं होतं. “मेघा,” साहेब फोन खाली घेत बोलले.

“मी यांना विचारतेय,” कोलतेबाई म्हणाल्या. “बरं, तुमच्या भावाचं नाव? मुलीच्या वडलांचं?”

नानासाहेबांनी फेटा काढला. पुन्हा घातला.

“एकत्र कुटुंब आहे, मॅडम, फार मोठं आहे,” साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. मुक्ताबाई इतका वेळ त्या फेट्याकडंच बघत होती.

“ह्यो कोन?” तिनं नवऱ्याला विचारलं. धोंडिबानं मघाचं सगळं तिला चार वाक्यांत सांगितलं. ती ऐकत गेली तसतसा तिचा आवाज चढत गेला. “बाई, माझ्या सासऱ्याला एकच पोरगं, ते हे. ह्या बाप्याला मी जल्मात पाह्यलं नाय! आन भाडं माफ म्हनं. आमी मागितलं व्हतं का फुकट? पोरीच्या लग्नात आमी कुनाचं मिंधं व्हायचं? पावती काढा ओ तुमी!”

धोंडिबाचे जोडलेले हात सुटले. त्यानं आतल्या खिशातून घडी काढली, उलगडली आणि कोलतेबाईंच्या हातात दिली. जानेवारीची तारीख, सुलेखाची सही.

“डायरी कुणाकडं असते?” कोलतेबाईंनी विचारलं.

“माझ्याकडं,” सुलेखा म्हणाली, आणि ऑफिसकडं वळली. साहेब तिच्या मागं जवळजवळ धावत आले. दारातच त्यांनी तिला गाठलं.

“सुलेखा, ऐक. तुझी गुंठेवारीची फाईल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्या सकाळी सही करतो. आज संध्याकाळी करतो. ती डायरी सापडत नाही म्हण.”

ती थांबली. अडीच वर्षं तिला वाटत होतं की फाईल कुठंतरी ढिगात दबलीय, कुणा क्लार्कच्या आळसाखाली. सुयश दर महिन्याला हाफ डे टाकून खिडकीपाशी रांग लावायचा. आणि ती होती साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, हाताशी. विसरलेली नव्हती, दावं खुंट्याला बांधून ठेवावं तशी ठेवलेली होती.

“ड्रॉवरमध्ये व्हती व्हय?” ती एवढंच म्हणाली.

साहेबांना ते होकारासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी रुमालानं मान पुसली. सुलेखानं कपाट उघडलं, चालू डायरी घेतली, मागच्या वर्षीचीही घेतली. बाहेर येऊन टेबलावर ठेवली आणि बोट लावून सांगायला लागली. “हे झालं. हे झालं नाय. हे नाय. हे बी नाय. हे झालं, पाऊस आला व्हता त्या दिवशी. हे नाय.” बाई लिहीत गेल्या. वऱ्हाडातले लोक जेवायचे थांबून बघत होते. दोन पानं झाल्यावर सुलेखा म्हणाली, “आन बाई, पावत्या मी फाडल्यात. मला ठाऊक होतं. माझं बी नाव लिहा त्यात.”

कोलतेबाईंनी वर पाहिलं. “लिहिते,” म्हणाल्या, आणि लिहिलं.

मंजुषाबाई खांबाआडून बाहेर आल्या. डोळे भरलेले होते. “मी तुला काय कमी केलं गं? बहिणीसारखं वागवलं.”

“मॅडम, त्या दिवशी बक्षीस घेताना तुम्ही म्हनलात, गिऱ्हाईक आपोआप येतं. तुम्हाला खरंच तसं वाटत व्हतं?”

मंजुषाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा फोन कानाला लावून पाठमोरा उभा होता आणि पलीकडच्याला सांगत होता, “नाही हो, तो बायकोचा धंदा आहे, मला त्यातलं काही माहीत नसतं.” बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. सुलेखाला वाटलं, हिला आज पहिल्यांदा आपलं लॉन दिसतंय. आणि तिला क्षणभर बाईंची कीव आली. पण बाईंनी पदर सावरला, जेवणाच्या पंगतीकडं नजर टाकली आणि म्हणाल्या, “या लोकांना सांग, जाताना सगळं धुऊनपुसून जायचं.” मग कीवही उरली नाही.

मेघाची पाठवणी चारला झाली. मुक्ताबाईनं जाताना सुलेखाला एका डब्यात बुंदी दिली. नोकरी गेली ती त्याच दिवशी. कुणी वेगळं सांगावंही लागलं नाही.

पुढं चौकशी झाली. विश्वजीत शेजूळांनी लेखी जबाब दिला की पत्नी स्वतंत्र व्यवसाय करते व त्याची आपणास कल्पना नाही. ते चार महिने रजेवर गेले, वृत्तपत्रात दोन दिवस नाव आलं, मग त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, इथल्यापेक्षा मोठ्या गावी. साहेब गेले तशी लॉनची दाट तिथीसुद्धा ओस पडली. शून्यातून उभं केलेलं पुन्हा शून्यात गेलं. नंतर लॉन सासूबाईंच्या नावावर झालं असं सुलेखाच्या कानावर आलं. तिनं चिकलठाण्यात एक गाळा घेऊन खानावळ सुरू केली. फकिरा भाज्या चिरायला आणि वाढायला होता.

नगरपंचायतीत नवे मुख्याधिकारी आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे. त्यांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर. सावळडोहच्या चौकात त्यांनी दवाखाना उघडला, आणि महिन्याभरात गावातल्या बिल्डरांच्या दाढा ठणकायला लागल्या. नानासाहेबांच्या धडधाकट तीन दाढांचं रूट कॅनॉल झालं. बावीस एकर मंजूर झाले.

सुलेखा एका सोमवारी फाईल विचारायला गेली. क्लार्क ओळखीचा होता. इकडंतिकडं बघून तो म्हणाला, “ताई, फाईल साहेबांपुढं आहे. तुम्ही एकदा दात दाखवून घ्या ना. नुसती तपासणी करा, पुरे होतं.”

सुलेखानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं. ती साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली. पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली आणि एकेक फुटाणा दाढेखाली घालून सावकाश, कडाकड फोडायला लागली. दार उघडंच होतं. साहेबांनी दोनदा मान वर करून बघितलं. कार्यालय बंद होईपर्यंत ती बसली. पुढच्या सोमवारी पुन्हा आली. या वेळी सोबत कोलतेबाईंना लिहिलेल्या अर्जाची प्रत होती. ती तिनं आवक खिडकीत दिली, शिक्का मारून घेतला आणि बाकावर येऊन दुसरी पुडी सोडली. तिसऱ्या सोमवारी सुयशही सुट्टी टाकून शेजारी येऊन बसला.

चौथ्या सोमवारी सव्वाअकराला तिला आत बोलावलं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि वर न बघता कागद सरकवला. सुलेखानं नाव वाचलं, गट नंबर वाचला, तारीख वाचली, सुयशच्या हातात दिला. सवयीनं ‘उपकार झाले, साहेब’ हे शब्द तिच्या जिभेपर्यंत आले होते. तिनं ते गिळले आणि बाहेर पडली.